आवाज गेला त्या पावसाळ्यातले बेडूक

त्या वर्षी शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. मी चौथीचा वर्ग शिकवते. आमच्या वर्गावर पत्रे आहेत. पाऊस आला की पत्रे असे वाजतात की शेजारी बसलेल्याचं बोलणं कळत नाही. मग पावसाच्या वर आवाज चढवून शिकवायचं, ही माझी कित्येक वर्षांची सवय. एका सकाळी हजेरी घ्यायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. पहिल्या बाकावरची मुलगी आधी हसली, मग माझं तोंड पाहून घाबरली.

अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी घशात नळी घालून पाहिलं. म्हणाल्या, "स्वरतंतूंवर गाठी आल्यात. ऑपरेशनचं आज ठरवायचं नाही. आधी महिनाभर मौन धरा. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं घसा जास्त ताणला जातो." मला विचारायचं होतं की आवाज परत येईल ना? पण विचारणार कसं? मी मोबाइलवर टाइप करून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "बहुतेक येईल." बिनआवाजाची मास्तरीण काय करणार?

आम्ही बडनेऱ्याला राहतो. नवरा रेल्वेत आहे. घरात गप्प बसणं मला काही जमेना. शेजारणी तब्येत विचारायला येत, आणि उत्तर मिळालं नाही की तोच प्रश्न मोठ्यानं विचारत, जणू मी बहिरी झाले होते. नवरा म्हणाला, "तू बोलत नाई तं मले दुसऱ्याच्याच घरात आल्यासारकं वाटते." शेवटी माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. तो स्पीकरवर ठेवला होता. ताई म्हणाली, "तिले इकडं पाठवा. अथी तिच्यासंग बोलाले कोनी येत नाई. झाडं हायेत फकत."

ताईचं घर शेंदूरजनाघाटच्या बाहेर, संत्र्याच्या बागेतच आहे. घरात ताई, भाऊजी आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी, एवढीच माणसं. मी पोचले त्या दिवशीच भाचीनं जाहीर केलं, "आता मावशीच्या वतीनं मी बोलनार." आणि ती खरंच बोलू लागली. मी हातानं 'पुरे' अशी खूण केली की ती ओरडून सांगायची, "आई, मावशी अजून एक पोळी दे म्हन्ते." दोन दिवस पोट फुटेस्तोवर जेवले, तेव्हा कुठे ताईच्या लक्षात आलं.

पण दिवसभर करायचं काय? शाळेतून आणलेली पुस्तकं वाचून संपली. मनात मात्र सारखा एकच विचार. एकटी असले की घशावर हात ठेवून बघायची, आत काही हलतंय का.

त्या भागात तोवर पाऊस नुसताच भुरभुरत होता. मग एका दुपारी तो जोरात कोसळला आणि बागेच्या खालच्या अंगाला, नाल्याकाठच्या पडीक तुकड्यात, गुडघाभर पाणी साचलं. पाऊस थांबला आणि तिकडून आवाज यायला लागला. बैल हंबरावा तसा, पण तुटक तुटक. एक थांबला की दुसरा, मग चार-पाच एकदम. मी ताईकडे पाहून भुवया उडवल्या.

"बेंडकं हायेत," ताई म्हणाली. "मोठाले. दरसाली येतेत."

भाची माझा हात ओढत होती. "चाल मावशी, दाखवते तुले. पिवळे झाले असन."

पिवळे? मी मुलांना बेडकाचा धडा किती वेळा शिकवला होता, त्याची गणती नाही. फळ्यावर हिरव्या खडूनं बेडूक काढायचे. पिवळा बेडूक मी कधी पाहिला नव्हता.

त्या पाण्याच्या काठी जाऊन उभी राहिले आणि पाहतच राहिले. गढूळ पाण्यात लिंबासारखे पिवळेधम्मक बेडूक बसले होते, एकेक माझ्या तळहाताहून मोठा. आवाज काढताना त्यांच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन निळे फुगे फुगायचे. नीळ घातल्यासारखे निळे. आवाज संपला की फुगे आत. एकजण दुसऱ्याच्या फार जवळ गेला तर दोघांची जुंपायची. पुढच्या पायांनी एकमेकांना धरून ते पहिलवानासारखे लोळायचे, आणि हरलेला पाण्यातून फटाफट उड्या मारत लांब जायचा.

"हे सारे नर हायेत," भाची म्हणाली. "बाबानं सांगतलं. मादी पिवळी होत नाई. थे पाह्य, थे मादी."

ती दाखवत होती तिथे एक भलीमोठी, शेवाळी रंगाची बेडकी शांत बसली होती. नरांहूनही मोठी. तिच्या पाठीवर लांब लांब वळ्या होत्या आणि मधोमध एक फिकट रेघ. तिनं एकदाही आवाज केला नाही. एवढा गोंधळ जिच्यासाठी चालला होता ती गप्प होती, हे पाहून मला त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. आवाज न करता हसले.

हाच तो बुलफ्रॉग, आपल्याकडचा सगळ्यात मोठा बेडूक. वर्षातला बराच काळ तो मातीत दडलेला असतो. मोठा पाऊस पडून पाणी साचलं की बाहेर येतो, आणि जोडीदारीण शोधायला त्याच्या हाती थोडेच दिवस असतात. तेवढ्यापुरता तो पिवळा होतो. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा आवाज निम्मा झाला होता. पाण्यावर काळ्या ठिपक्यांची चिकट साय तरंगत होती, ती त्यांची अंडी. त्यानंतर पिवळे नर हळूहळू पुन्हा मातकट-हिरवे झाले आणि बागेत पांगले.

त्यातला एक आमच्या वाट्याला आला. पाण्याच्या मोटारीच्या खोलीबाहेर पाइपाचा एक जोड गळत होता. तिथली ओली जागा त्यानं धरली. संध्याकाळी ताईची कामं आटोपली की आम्ही दोघी समोरच्या ओट्यावर बसायचो आणि तो विटांच्या फटीतून बाहेर यायचा. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही. तो ओल्या जागी पोट टेकून बसतो आणि पोटाच्या कातडीतून पाणी आत घेतो. हे मी शिकवलेलं होतं. पण तो अंग पसरून, डोळे अर्धे मिटून त्या ओलीवर टेकायचा, तेव्हा पाहून आपल्यालाच गार वाटायचं.

खाण्यात त्याला काहीच वर्ज्य नव्हतं. नाकतोडे, किडे, गोम, एकदा उंदराचं पिल्लू. हलतं ते खायचं आणि तोंडात मावतं ते गिळायचं, एवढाच नियम. मोठा घास असला की गिळताना त्याचे डोळे आत जायचे. भाचीला वाटलं त्याला दुखतंय. मी मोबाइलवर टाइप करून दाखवलं की बेडूक डोळे आत दाबून घास घशात ढकलतो. तिनं ते वाचलं आणि त्या रात्री जेवताना डोळे मिटून मिटून भात गिळत बसली. ताईनं तिला एक धपाटा घातला.

त्या ओट्यावर आणखी एक गोष्ट घडत होती. ताई बोलत होती. आमच्या माहेरी बोलकी मी आणि ताई मुकी, असंच सगळे म्हणायचे. आता मला मध्ये तोंड घालता येत नव्हतं. बेडकाकडे बघत बघत ती एकेक गोष्ट सांगू लागली. लग्न होऊन या बागेत आली तेव्हा तिला संत्र्याचं आणि लिंबाचं झाड पानावरून ओळखता येत नव्हतं. सासऱ्यांनी तिला कलम बांधायला शिकवलं. तिनं बांधलेली पहिली सगळी कलमं वाळली आणि ती मोटारीच्या खोलीमागे जाऊन रडली. "सासरे तथी आले," ताई म्हणाली. "मले वाटलं आता बोलतीन. तं मने, रडून झालं का ये, कलमा अजून बांधाच्या हायेत." एवढं सांगून ती माझ्याकडे पाहायची आणि मी मान हलवली की पुढचं सांगायची. इतक्या वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं. आवाज शाबूत असता तर त्या संध्याकाळी मी माझ्याच शाळेच्या गोष्टी सांगत बसले असते.

मग शेततळ्याचा प्रसंग घडला.

भाऊजींनी बागेच्या वरच्या टोकाला शेततळं खोदलं आहे. संत्र्यासाठी उन्हाळ्यात पाणी लागतं ते त्यात साठवतात. खड्ड्याला आतून जाड काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला, उतार घसरगुंडीसारखा, भोवती तारेचं कुंपण. एका दुपारी मी आणि भाची फिरत तिकडे गेलो. माझ्या चपलेत काटा घुसला म्हणून मी थांबले. ती पुढे गेली आणि तिथून ओरडली, "मावशी! बेंडकं बुडून राह्यले!"

पाण्याच्या कडेनं सात-आठ मोठे बेडूक होते. पाण्यासाठी उतरले असतील, पण परत चढता येत नव्हतं. एकजण पुढचे पाय प्लास्टिकवर टेकवायचा, थोडा वर सरकायचा आणि सर्रकन खाली यायचा. पुन्हा तेच. दोघे पालथे, न हलता तरंगत होते. बेडूक कितीही चांगला पोहत असला तरी त्याला टेकायला जागा लागते. पोहून पोहून दमला की तोही बुडतो.

मी काटा काढून वर पाहिलं तोवर भाची तारेखालून आत शिरली होती. तिनं चपला काठावर काढल्या आणि एक पाय त्या उतारावर ठेवला.

मी टाळ्या वाजवल्या. तिनं वळून पाहिलं नाही. तिचं लक्ष बेडकांकडे. तिनं दुसरा पाय उचलला. तळं तिच्या डोक्याच्या कितीतरी वर खोल होतं, आणि बेडकाला जिथून चढता येत नव्हतं तिथून तिलाही चढता आलं नसतं.

"थांब!"

तो आवाज माझा होता हे मला क्षणभर कळलंच नाही. फाटका, जाड, घशाच्या तळातून आलेला. भाची जागच्या जागी थिजली आणि काठावर मागे बसली. मी पळत गेले, तारेत हात घालून तिचा दंड धरला आणि तिला बाहेर ओढलं. दोघी मातीत बसलो.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "मावशी, तू बेंडकासारकी ओरडली."

मी तिला छातीशी धरलं. तिला आत्ता कुठे भीती वाटायला लागली होती. माझ्या कुशीतूनच ती म्हणाली, "आईले सांगू नोको." मी मोबाइल काढून लिहिलं, 'सांगायचं. पण आधी बाबांना बोलावून आण. बेडकं अजून आत आहेत.' ती धावत सुटली.

भाऊजी आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मुलीला जवळ ओढून तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्यांनी लांब बांबूला टोपलं बांधलं आणि एकेक बेडूक वर काढला. तरंगणाऱ्या दोघांतला एक मेलेला होता. दुसरा ओल्या गवतावर ठेवल्यावर बऱ्याच वेळानं गळा हलवू लागला.

"आज काढले, उद्या दुसरे पडतीन," भाऊजी म्हणाले. "अन बेंडकाचं काय, लेकरू पडलं असतं तं?"

मोबाइलवर मी लिहिलं, 'वर चढायला काहीतरी सोडता येईल का? पोतं, जाळी?'

"पोतं सडते. अन कागद फाटला तं तळं गेलं." ते म्हणाले.

योगायोगानं त्याच दिवशी बाग पाहायला भाऊजींची संत्री घेणारे व्यापारी आले होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांच्या घरात तीन पिढ्या संत्र्याचाच धंदा. माल भरलेल्या गाडीवर टाकायच्या नायलॉनच्या जाळ्या त्यांच्याकडे ढिगानं. भाचीनं त्यांना सगळी हकिगत सांगितली, माझ्या ओरडण्यासकट. चाचा मला म्हणाले, "बेटी, तुमनं लेकरू वाचवलं, बेडकाले आमी वाचवू." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडीबरोबर जुन्या जाळ्यांचा गठ्ठा पाठवून दिला आणि वर निरोप, परत द्यायची गरज नाही.

भाऊजींनी कुंपणाच्या खांबांना जाळ्या बांधल्या आणि चारी बाजूंनी पाण्यात सोडल्या. खालच्या टोकाला वाळू भरलेल्या बाटल्या, म्हणजे जाळी बुडेल आणि कागदही फाटणार नाही. एका कोपऱ्यात माणसासाठी गाठी मारलेला जाड दोर सोडला. कुंपणाखालची फट त्यांनी दगड रचून बंद केली. काम करता करता ते भाचीला सांगत होते, "आमच्या लहानपनी पानी नाई आलं का बेंडूक मुसळाले बांधत अन 'धोंडी धोंडी पानी दे' मनत गावभर फिरत. घरोघरच्या बाया त्याच्यावर पानी टाकत."

"मंग बेंडकाचं काय होये?"

"सोडून देत. त्याच्याजवळूनच तं पानी मागायचं रायते, त्याले मारून कसं जमन?"

दोन दिवस काहीच दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर जाळीवर मध्यावर एक बेडूक होता. पुढचे पाय जाळीच्या भोकांत अडकवलेले, गळा धडधडत होता. तो बराच वेळ तसाच बसला. मग मागचे पाय ओढून घेतले आणि वर सरकला. परत बसला. काठावर पोचला तेव्हा त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही, गवतात दोन उड्या घेतल्या आणि गेला. भाची टाळ्या पिटत नाचली. मला तर ओरडायचं होतं. मी तोंड दाबून धरलं.

खालच्या डबक्यात तोवर बेडूकमासे मोठे झाले होते. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा भाचीला वाटलं होतं, पिल्लं म्हणजे काहीतरी गोड असणार. पण बुलफ्रॉगची पिल्लं शिकारी असतात. ती डासांच्या अळ्या खातात, दुसऱ्या बेडकांची पिल्लं खातात आणि भूक लागली तर आपल्या भावंडांनाही सोडत नाहीत. एकाच्या तोंडात दुसऱ्याची शेपटी पाहून ती रागानं म्हणाली, "आपल्याच भावाले खाते?" मी तिला समजावून सांगायला बसले. डबकं आटत जातं, आटण्याआधी मोठं व्हायला हवं, आणि सगळ्यांना पुरेल एवढं खाणं तिथं नसतं. एवढं टाइप करेपर्यंत ती पाण्यात वाकून पाय फुटलेला बेडूकमासा शोधत होती. तिला तो सापडलाही. मागचे पाय आले होते, शेपटी अजून होती.

माझा महिना भरत आला तेव्हा बाग नखाएवढ्या बेडकांनी भरली होती. पाऊल जपून टाकावं लागे. बगळे रोज येत आणि पोट भरून जात. इतक्या अंड्यांमधून मोठे होणारे थोडेच. भाऊजींनी त्या बाजूची फवारणी पिल्लं पांगेपर्यंत थांबवली. मी त्यांना तसं काही सांगितलं नव्हतं.

अमरावतीला डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नळी घातली. एकदा ओरडल्याचं मी लिहून कबूल केलं. त्या म्हणाल्या, "एका शब्दानं काही बिघडत नाही. गाठी जिरल्यात. आता हळू 'आ' म्हणा." मी 'आ' म्हटलं. बारीक, कापरा, पण माझाच. दवाखान्याबाहेर येऊन पहिला फोन ताईला लावला. "ताई," एवढंच म्हणाले. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "लय बोलू नोको आता. ठेव फोन."

शाळेत आता पत्रे वाजू लागले की मी ओरडत नाही. खडू खाली ठेवते आणि मुलांना खिडकीशी जाऊ देते. पाऊस ओसरला की धडा पुढे सुरू होतो. या सवयीनं एकही धडा मागे राहिलेला नाही.

पुढच्या मे महिन्यात मी ताईकडे गेले होते. उन्हानं माती दगडासारखी झाली होती. नव्या कलमांसाठी खड्डे खणताना भाऊजींनी हाक मारली. कुदळीनं उचकटलेल्या ढेकळात एक पोकळी होती आणि तिच्यात एक बेडूक बसला होता, पाय पोटाशी घेऊन, डोळे मिटून, अंगाला माती चिकटलेली. बुलफ्रॉग मागच्या पायांनी माती उकरत उलटा आत जातो आणि खाण्यापिण्यावाचून पाऊस येईपर्यंत तसाच पडून राहतो. मी त्याच्या पाठीला बोट लावलं. बाहेर अंग भाजत होतं आणि तो गार होता.

माझ्या मनात आलं, ताई, भाऊजी, ती पोरगी, चाचा, यांचे आभार मी कधी नीट मानलेच नाहीत. आवाज परत आला होता, तरी ते जमलं नव्हतं. मी म्हटलं, "ताई, गेल्या पावसाळ्यात तू मला बोलावून घेतलं..."

"मायीत हाये मले," ताई म्हणाली. "त्याले झाकून दे पयले. ऊन लागून राह्यलं त्याले."

भाऊजींनी तो खड्डा सोडून हातभर बाजूला दुसरा खणायला घेतला. भाचीनं ढेकूळ अलगद जागेवर बसवलं, वर भुसभुशीत माती लोटली आणि चुकून कोणी तिथं कुदळ मारू नये म्हणून एक काडी रोवली. मग आम्ही सगळे हात धुवायला मोटारीकडे गेलो.